बाक येईपर्यंत मी उभीच

नको नको, खुर्ची नको सरकवूस बाई, राहू दे तिथेच, तुझ्या पिशवीला होईल… मी उभीच बरी. नाही गं, रागावले नाही, कंबर धरली नाही, आणि नको तिथे गळूही झालेलं नाही. तेरा महिन्यांत प्रत्येकाचा मला एकेक आजार सुचवून झालाय, औषधवाल्याने तर न विचारताच मलमाची नळी हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, लाजायचं नसतं वहिनी. मी नवस बोललेय. झालं, नवस म्हटल्याबरोबर बघितलंत ना एकमेकींकडे? बघा, बघा, मला सवय आहे. सभा सहाची, आत्ता सव्वासहा झाले, साहेबांच्या गाडीचा पत्ता नाही, तेव्हा तोवर ऐकून घ्या, कारण आज या खोलीत जे व्हायचं आहे ते माझ्या नवसावर अडलेलं आहे, आणि माझा नवस तुमच्यावर.

मी तशी जुनी नवसाची. ह्यांचा खोकला जावा म्हणून चार महिने गोड सोडलं, खोकला गेला. भाचीला नोकरी लागावी म्हणून चहा सोडला, तर तिला नोकरी लागली नेमकी चहाच्या कंपनीत, दर महिन्याला पुडा पाठवते आणि मी नुसता वास घेते. म्हणजे देव ऐकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो अर्जात जेवढं लिहिलंय तेवढंच वाचतो, आपल्या मनात काय होतं ते विचारत बसत नाही. आमचे हे म्हणतात, तुझा देवसुद्धा नगरपालिकेतच नोकरीला आहे वाटतं.

तर तुम्हाला सांगते, सगळं सुरू झालं एका कट्ट्यावरून. हा चढ आहे ना आपला, जो चढून तुम्ही आत्ता धापा टाकत आलात, त्याच्या अगदी खाली आमची इमारत. वर दवाखाना, वाचनालय, ही शाळा, आणि शाळेमागच्या गल्लीत शिक्षिकाबाई. त्या बघा, पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी धरून बसल्यात. नमस्कार बाई. ऐकू येत नाही त्यांना, म्हणून तर मोकळेपणाने बोलतेय. आमच्या सासूबाई आणि ह्या, चाळीस वर्षांची मैत्री. रोज पाच वाजता सासूबाई पदर खोचून चढ चढायच्या, तासभर बसायच्या, उतरून यायच्या. एकदा मी विचारलं, रोज रोज बोलता तरी काय? तर म्हणाल्या, तुमच्याबद्दलच, आणखी काय विषय आहे आमच्याकडे.

आता सासूबाई ब्याऐंशीच्या, ह्या एक्याऐंशीच्या, एकूण एकशे त्रेसष्ट वर्षं आणि चार गुडघे. पैकी शिक्षिकाबाईंचे दोन उतारालाच भितात, आणि सासूबाईंचे दोन अर्ध्या चढावर संप करतात. पण अर्ध्यावर औषधाच्या दुकानाचा कट्टा होता. त्यावर त्या पाच मिनिटं टेकायच्या, औषधवाल्याला त्याच्याच दुकानातल्या गोळ्या कशा निकामी आहेत ते समजावून सांगायच्या, आणि उरलेला चढ चढायच्या. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने रस्ता रुंद केला आणि कट्टा काढला. रस्ता दीड हात वाढला, आणि सासूबाईंच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक खिडकी राहिली.

फोन आहे ना, म्हणाल तुम्ही. आहे की. पण शिक्षिकाबाईंना ऐकू येत नाही म्हणून सासूबाई ओरडतात, सासूबाई ओरडतात म्हणून शिक्षिकाबाईंना वाटतं ह्या चिडल्या, मग त्या फोन ठेवतात, की सासूबाई खरंच चिडतात. दोन वर्षांत सात वेळा कडाक्याचं भांडण झालंय आणि कशावरून ते दोघींनाही ठाऊक नाही. मागच्या महिन्यापासून तर फोनही बंद आहे.

रिक्षा? रिक्षावाला एवढ्याशा अंतराला येत नाही, आणि आला तरी तोंड असं करतो, की सासूबाईच उतरून जातात. स्टूल? हो, स्टूलही करून बघितलं. स्वयंपाकघरातलं उंच स्टूल काखेत मारून मी पुढे, सासूबाई मागे. अर्ध्यावर ठेवलं, त्या बसल्या, आणि दोन मिनिटांत एक गृहस्थ गाडी थांबवून विचारतो, आजी, केवढ्याला द्यायचं स्टूल? वर म्हणतो, एक पाय डुगडुगतोय, कमी करा थोडे. सासूबाई उठल्या, घरी आल्या, आणि म्हणाल्या, "सूनबाई, मी मरेन, पण घरातलं सामान घेऊन पुन्हा बाहेर पडणार नाही."

त्याच सुमाराला ती पाटी लागली. तुमचं शहर, तुमचा अर्थसंकल्प. म्हणजे काय, तर नगरपालिका वर्षाचे पैसे कशाकशावर खर्च करणार ते ठरवते ना, त्यातला थोडा वाटा आपल्या भागासाठी बाजूला काढणार, आणि त्यातून कोणतं एक काम करायचं ते आपणच सांगायचं. मी पाटी तीनदा वाचली. इतकी वर्षं आम्हाला कुणी, आज भाजी कोणती करू, एवढंही विचारलं नाही, आणि इथे शहर विचारतंय, बाई, तुम्हाला काय हवं? मला तर भरून आलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, बाक मागायचा. चढाच्या मधोमध एक बाक. पाठ टेकता येईल असा, दोघी मावतील एवढा.

चार पानी अर्ज होता. त्यात एक प्रश्न, या कामाचा लाभ किती नागरिकांना होईल? मी लिहिलं, दोघींना नक्की, शिवाय ज्याचे पाय दुखतील त्याला. नियोजनवाले साहेब, हेच, ज्यांची आपण वाट बघतोय, माणूस सज्जन आहे हां, ते अर्ज वाचून म्हणाले, बाई, निदान पाचशे तरी लिहा. मी म्हटलं, साहेब, पाचशे माणसं एका बाकावर कशी बसतील? आणि माझ्या शेजारीच कारंजेवाले काका अर्ज भरत होते. तेव्हा ते नुसते काका होते, कारंजेवाले नंतर झाले. त्यांना चौकात कारंजं हवं होतं, आणि त्यांनी त्या रकान्यात लिहिलं होतं, संपूर्ण शहराला, व बाहेरून येणाऱ्यांना.

तेव्हा मला जरा धास्ती वाटली. संपूर्ण शहरापुढे माझ्या दोन म्हाताऱ्या… मग मी घरी येऊन दिवा लावला, हात जोडले, आणि बोलून गेले, "देवा, चढावर नगरपालिकेचा बाक येईपर्यंत मी बूड टेकणार नाही." सासूबाईंना बसायला मिळावं म्हणून आपण बसणं सोडायचं, किती चोख हिशेब, नाही? मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पहिले दोन तास वाटलं.

तेरा महिने झाले. जेवण ओट्याशी उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने, बस रिकामी असली तरी मी दांडी धरून, आणि कंडक्टर प्रत्येक वेळी मागे वळून वळून बघतो. त्याच्याशीही आता तेच बोलणं, नको दादा, मी उभीच बरी. हे म्हणतात, घरात आधी एक उभं कपाट होतं, आता दोन झाली. एकदा दाढ काढायची होती. दंतवैद्याला सांगितलं, आधी खुर्ची पार आडवी करा, मग मी चढते. कारण बसणार नाही म्हटलंय, आडवी होणार नाही असं नाही म्हटलेलं, नाही तर झोपले कशी असते? तर मी उभीची सरळ आडवी होते, मध्ये थांबा नाही, फळी पडावी तशी. तो दंतवैद्य इतका घाबरला की भूल त्यालाच द्यावी लागते की काय असं झालं. आणि तू मागे तोंडाला रुमाल लावून हसतेयस ना, तुला काय विचारायचंय ते मला कळलं. ते नाही विचारायचं. काही गोष्टी देवही समजून घेतो.

तर आली गेल्या वर्षीची सभा. हीच खोली, हीच बाकडी, हाच पंखा, घरघर करणारा. दारात प्रत्येकाला गळ्यात अडकवायला नंबर दिला, माझा सत्तेचाळीस. साहेबांनी समजावलं, चार कामं आली आहेत, पैसे एकाच कामाला पुरतील, ज्याला जास्त पाठिंबा ते काम होणार, प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन कामांना पाठिंबा द्यावा, आणि पाठिंबा असेल त्यांनी उभं राहावं. लिपिक नंबर टिपून घेतील. लिपिक म्हणजे ते चष्मेवाले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मान वर करायची नाही नुसते डोळे वर करायचे.

बसा बसा म्हणाले सगळे. मी म्हटलं, मी उभीच बरी. आणि त्या भिंतीला टेकून उभी राहिले, तिथे, नकाशाखाली.

पहिलं काम, चौकात मोठं घड्याळ. चारदोन लोक उठले. चष्मेवाल्यांनी सगळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी हसले, त्यांनी काहीतरी लिहिलं. दुसरं, झाडांवर रंगीत दिवे. पुन्हा बघितलं, पुन्हा हसले मी, पुन्हा लिहिलं. मला वाटलं, किती अगत्याचा माणूस, दर खेपेला ओळख देतो. तिसरं, कारंजं. कारंजेवाले काकांनी सगळं मित्रमंडळ आणलेलं, धडाधड उठले, बाकडी वाजली, आणि चष्मेवाल्यांनी लिहिता लिहिता माझ्याकडे बघून मानसुद्धा हलवली. मी पण हलवली. घरचं वळण आहे, समोरच्याने मान हलवली की हलवायची.

मग चौथा आमचा बाक. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात शेवटी. आणि उठले हो लोक. औषधवाला उठला, वाचनालयाच्या बाई उठल्या, पोस्टमन उठला, शिक्षिकाबाई काठी टेकत टेकत उठल्या, आणि मी तर काय, उभीच. चष्मेवाले लिहीत लिहीत माझ्यापर्यंत आले, पहिल्यांदाच पूर्ण मान वर केली, आणि म्हणाले, सत्तेचाळीस नंबर, तुमच्या तीन पसंत्या संपल्या.

मला आधी कळेचना. मी म्हटलं, कोणत्या पसंत्या? तर त्यांनी वही वाचून दाखवली. सत्तेचाळीस, घड्याळ. सत्तेचाळीस, दिवे. सत्तेचाळीस, कारंजं. शेवटचा आकडा काय, तर कारंज्याला बत्तीस आणि बाकाला एकतीस. कारंज्यावरचं ते बत्तिसावं डोकं माझं. म्हणजे मी मला सोडून या खोलीतल्या सगळ्यांना पाठिंबा दिलेला होता.

मी गेले साहेबांकडे. म्हटलं, साहेब, मी पाठिंबा नाही दिला, मी नुसती उभी होते. ते म्हणाले, सभेत नुसतं उभं राहणं असं काही नसतं. मग मी त्यांना नवस सांगितला, अगदी पहिल्यापासून, दाढेसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. खोटं कशाला सांगू, ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बाई, अहो, मिनिटभर बसायचं होतं ना."

मी म्हटलं, "बसले असते तर बाक कसा आला असता?"

ते म्हणाले, "बसला नाहीत म्हणूनच तो आला नाही."

देव काय म्हणतो बघावं म्हणून मी वर बघितलं. वर पंखा.

आणि त्यातली खरी मेख पुढेच आहे. मी म्हटलं, साहेब, निदान ज्यांच्यासाठी बाक आहे त्या माझ्या सासूबाईंना तरी विचारा. ते म्हणाले, अवश्य, त्यांनी सभेला येऊन उभं राहावं, एक मत वाढलं असतं तर बरोबरी झाली असती. मी म्हटलं, सभा कुठे असते? म्हणाले, इथेच, शाळेत. मी म्हटलं, शाळा कुठे आहे? आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडल्यासारखा झाला. म्हणजे बघा, ज्यांना बाक हवा ते सगळे चढाच्या खाली, आणि मतं चढाच्या वर. बाक मिळवण्यासाठी चढ चढायचा, आणि चढ चढता येत असता तर बाक कशाला मागितला असता? साहेब म्हणाले, मुद्दा नोंदवून घेतो. नोंदवून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

घरी गेले. सासूबाई खिडकीत वाट बघत बसलेल्या. मी सगळं सांगितलं, मला वाटलं होतं त्या बोलतील. पण त्या पोट धरधरून हसल्या, हसता हसता डोळे पुसले, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मी बसावं म्हणून तू उभी राहिलीस, आणि शेवटी उभं काय राहिलं, तर कारंजं."

कारंजं झालं. सुंदर झालं, मी नावं ठेवणार नाही, माझंच मत आहे त्याला. उद्घाटनाच्या दिवशी पाणी उडालं, कारंजेवाले काका भिजले, फोटो निघाले, त्यानंतर आजतागायत पाणी नाही. पण मला आशा, कारंज्याला काठ असतो, चौक काही फार लांब नाही, सासूबाईंना चढही नाही, शिक्षिकाबाईंना कुणी हाताला धरून खाली आणलं की दोघी तिथे भेटतील, काठावर टेकतील… मी सासूबाईंना हाताला धरून घेऊन गेले. तर काठ केलाय उतरता. मुद्दाम. लोकांनी बसू नये म्हणून, असं चष्मेवाल्यांनीच नंतर सांगितलं. सासूबाई टेकल्या, आणि अलगद घसरून आत, कोरड्या हौदात. लागलं नाही, देवाची कृपा, पण त्या आतच बसून राहिल्या थोडा वेळ. म्हणाल्या, थांब गं, दोन वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर निवांत बसलेय, बसू दे जरा.

ते ऐकलं तेव्हा मी ठरवलं, पुन्हा अर्ज.

नको हो दादा, तुम्हीही खुर्ची देऊ नका, तुम्ही उशिरा आलात, मागचं शेजारणीला विचारा. मी उभीच बरी.

तर यंदा मी आधीच कचेरीत गेले, म्हटलं, मोजण्याची रीत बदला, हात वर करा, चिठ्ठ्या टाका, काहीही करा. साहेब म्हणाले, उत्तम सूचना आहे, पण रीत बदलायची तर आधी सभेची मंजुरी हवी. मी म्हटलं, मग मंजूर करून घ्या. म्हणाले, घेऊ की, ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी उभं राहायचं. बाहेर थांबावं म्हटलं, तर मोजणी सुरू झाली की दार बंद. नवस मोडावा, म्हणाल? तेरा महिने झाल्यावर? आणि समजा मी टेकले, आणि बाक एका मताने गेला, तर? सासूबाई त्या खिडकीत, मी खुर्चीत… ती खुर्ची मला टोचेल हो जन्मभर.

शेवटी तोडगा काढला सासूबाईंनीच. काल रात्री जेवताना, त्या बसून, मी उभ्याने, एकदम म्हणाल्या, सूनबाई, बसायचं नाही म्हणालीस, आडवं व्हायचं नाही असं कुठे म्हणालीस? दंतवैद्याकडे झालीस ना? मग सभेत काय लाज वाटते?

म्हणून ही चटई. ही काखोटीला काय आहे असं मघापासून तुम्ही विचारत नव्हता, पण बघत होता. तिकडे शेवटच्या रांगेमागे पसरणार आहे. उभं नाही, बसलेलंही नाही. चष्मेवाल्यांनी काय लिहायचं ते लिहू दे, आडव्या माणसाचा रकाना त्यांच्या वहीत नाही, मी बघून आलेय.

आली वाटतं गाडी. हो, तेच साहेब, मागून चष्मेवाले, वही पोटाशी धरून. बरं, ऐका, आता घाई आहे. यंदा कारंज्याला पाणी आणणं हे एक काम आहे, कारंजेवाले काकांनी अख्खी दुसरी रांग भरलीय, नमस्कार काका, आणि बाक पुन्हा शेवटी. तुमचं काय होतं, शेजारचा उठला की तुम्ही उठता, तोंडओळखीला जागता, पसंत्या संपतात, आणि बाकाची पाळी येईपर्यंत सगळे बसलेले. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, माझ्यासारखा तुम्हीही एक नवस बोला. गोड सोडू नका, चहा सोडू नका. मी बूड टेकणार नाही म्हटलं, तुम्ही म्हणा, बाकाचं नाव येईपर्यंत बूड उचलणार नाही. अर्ध्या तासाचा नवस, तोही बसून, एवढा सोपा नवस तर देवानेसुद्धा ऐकला नसेल. शिक्षिकाबाईंच्या शेजारी कोण आहे? तू का, बरं, नाव आलं की त्यांना कोपराने ढोस, आणि सभा सुटली की त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांग, आमच्या सासूबाई तुमच्यावर चिडलेल्या नाहीत.

चला, पसरते चटई. आणि एक राहिलंच. बाकाचं नाव पुकारलं की कुणीतरी मला हलवून उठवा हो, नक्की उठवा… तेरा महिने उभी आहे, पाठ टेकली की लगेच डोळा लागतो माझा.